डिझाइन शिकायला आपली पोरं का जात नाहीत?

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालघर-बोईसर पट्ट्यातल्या विहारांत करिअर मार्गदर्शनाचे कार्यक्रम सुरू होतात. फळ्यावरची यादी ठरलेली असते. पोलीस भरती, एमपीएससी, नर्सिंग, आयटीआय, फार्मसी, बी.एड. मार्क चांगले असतील तर इंजिनीअरिंग. या यादीत एम.डेस. मी कधी पाहिले नाही. कोणी नाव काढलेच तर "म्हणजे फॅशनचा कोर्स ना?" असा प्रश्न येतो आणि विषय संपतो.

एम.डेस. म्हणजे मास्टर ऑफ डिझाइन, दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. पीएच.डी.सारखा एकच प्रबंध घेऊन बसायचे नसते. वर्ग असतात, विषय असतात, प्रत्येक सत्रात प्रत्यक्ष वस्तू किंवा आराखडा करून दाखवायचा असतो आणि शेवटी एक मोठा प्रकल्प. आपल्याकडे त्याचे सगळ्यात जुने ठिकाण पवईला आहे. आयआयटी मुंबईचे इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे आयडीसी, १९६९ साली सुरू झाले. त्याच वर्षी इकडे तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. अणुवीज केंद्र इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आयडीसीचे नाव मात्र पवईहून बोईसरपर्यंत अजून पोहोचलेले नाही, आणि मध्ये अंतर आहे ते लोकलच्या एका प्रवासाचे आणि एका बसचे.

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. डिझाइनची पदवी माझ्याकडे नाही. तरी हा विषय घेते आहे, कारण वस्तीत काम करताना रोज एक गोष्ट दिसते. आपल्या माणसांचे आयुष्य दुसऱ्या कोणीतरी आखलेल्या वस्तूंमध्ये चालते. रेशनच्या दुकानातले अंगठ्याचे यंत्र, शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा फॉर्म, घरकुलाचा नकाशा, कारखान्यातला हातमोजा, आश्रमशाळेचा बाक. हे कोणीतरी बसून ठरवले आहे. ज्या मंगल फाँटात तुम्ही तहसील कार्यालयाला अर्ज टाइप करता, तो आयडीसीत शिकवलेल्या र. कृ. जोशी यांनी घडवला. मराठी अक्षरांचा मोठा अभ्यासक माणूस, त्यांच्या कामाबद्दल आदरच आहे. मुद्दा इतकाच की आपण लिहितो ते अक्षरसुद्धा कोणीतरी डिझाइन केलेले असते आणि ते करणाऱ्यांच्या रांगेत आपण जवळपास नसतो.

या शिक्षणाची आपल्या देशातली सुरुवात पाहिली तर हे का झाले ते कळते. भारत सरकारने चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याला बोलावले. त्यांनी देश फिरून १९५८ मध्ये 'इंडिया रिपोर्ट' लिहिला आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी भारतातली सगळ्यात सुंदर वस्तू म्हणून लोट्याचे कौतुक केले आहे. लोट्याचा विचार कसा करावा याचे प्रश्नच त्यांनी मांडले. किती पाणी मावावे, ओतताना तोल कसा राहील, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, हात बाईचा की पुरुषाचा, किंमत काय, हाताला कसा लागतो, भेट देताना कसा वाटतो. डिझाइनचे विद्यार्थी आजही हे प्रश्न भक्तिभावाने वाचतात. प्रश्न चांगलेच आहेत. पण त्या लांबलचक यादीत एक प्रश्न नाही: या लोट्याला हात कोणी लावायचा?

ज्या देशात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी हजारो माणसांना महाडला जमावे लागले, त्या देशात लोट्यावरचा पहिला प्रश्न हाच असायला हवा होता. आपल्या आजीच्या हातावर पाणी वरून ओतले जायचे. लोट्याची चोच, त्याची उंची, ओतण्याची धार या सगळ्याचा तिच्यासाठी अर्थ वेगळा होता. परदेशी पाहुण्यांना हे दिसले नाही हे एक वेळ समजू शकते. पण त्यांना देश दाखवणाऱ्यांनीही ते दाखवले नाही. (जाता जाता: त्या अहवालाच्या सुरुवातीलाच गीतेतला उतारा आहे, फळाची आशा न धरता काम करण्याचा. कारागीर जातींना हा उपदेश नवा नव्हता. त्यांना फळ कधी मिळालेच नव्हते.)

हा इतिहास म्हणून सोडून देता आला असता. पण तोच न विचारलेला प्रश्न आजही वर्गात तसाच पडून आहे. तो आपल्या जिल्ह्यात कसा येतो ते सांगते.

काही वर्षांपूर्वी एका डिझाइन संस्थेचे विद्यार्थी मोखाड्याच्या एका पाड्यावर आले होते. आमच्या ओळखीने आले म्हणून मी दोन दिवस सोबत होते. पोरे चांगली होती, नम्र होती. त्यांचा विषय होता बायकांचे पाणी वाहणे. त्यांनी हंड्याचे वजन केले, चढाचे फोटो घेतले, मानेच्या दुखण्याबद्दल विचारले. मग त्यांनी एक 'पर्सोना' तयार केला. डिझाइनच्या पद्धतीत खऱ्या माणसांवरून एक काल्पनिक वापरकर्ता बनवतात, त्याला नाव देतात, वय देतात, अडचणी लिहितात. तसा तो तक्ता होता: बाईचे नाव, वय ३५, दोन मुले, रोज इतक्या खेपा. जातीचा, जमातीचा, जमिनीचा रकाना नव्हता. तोडगा निघाला तो पाण्याचा ड्रम, जमिनीवरून ढकलत नेण्याचा. त्या चढावर ड्रम वर ढकलायचा म्हणजे काय, हे एका म्हातारीने हसून विचारले. पण ते बाजूला ठेवा. त्याच मोखाडा तालुक्यात वैतरणेवर मध्य वैतरणा धरण आहे आणि त्याचे पाणी मुंबईला जाते. धरणाच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतो. मग प्रश्न हंड्याच्या आकाराचा आहे की पाइपलाइनच्या दिशेचा?

त्या वर्गात त्या पाड्यावरची, किंवा निदान टँकरच्या रांगेत उभी राहिलेली एखादी मुलगी असती, तर ती पहिल्या दिवशी हेच बोलली असती. पर्सोनाच्या तक्त्यात नाव लिहिले जाणारी बाई आणि तक्ता बनवणारी विद्यार्थिनी या दोन वेगळ्या वर्गांतून, वेगळ्या जातींतून येत राहतील, तोवर ड्रमच निघणार. डिझाइनमध्ये 'सहानुभूती' हा शब्द फार वापरतात. सहानुभूती आणि अनुभव यांतला फरक दलित साहित्याने या महाराष्ट्राला पन्नास वर्षांपूर्वी शिकवला आहे. तो धडा डिझाइनच्या वर्गापर्यंत कोणी न्यायचा?

आता हाताचा प्रश्न. बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलेला मुद्दा आपल्याला पाठ असतो: जात नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वरखाली रचते. डिझाइनमध्ये हे इतके स्वच्छ दिसते की समाजशास्त्राच्या वर्गात उदाहरण म्हणून द्यावे. ज्याने पिढ्यानपिढ्या वस्तू बनवली तो 'कारागीर'. ज्याने तिचे चित्र संगणकावर काढले तो 'डिझायनर'. दोघांच्या मजुरीत आणि मानात जमीन-अस्मानाचा फरक.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळाला, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तशाच चपला दाखवल्या तेव्हा कोल्हापूरचे नाव नव्हते. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केले. सगळ्यांनी 'महाराष्ट्राची अस्मिता' म्हणून गळा काढला. ती चप्पल कोणत्या जातीच्या हातांनी घडवली, त्या हातांना वेशीबाहेर का ठेवले होते, हे त्या अस्मितेच्या गदारोळात किती जणांनी म्हटले? याउलट सुधीर राजभर यांनी धारावीतल्या चर्मकार कारागिरांना सोबत घेऊन ब्रँड काढला आणि त्याला नावच 'चमार' दिले. शिवीसारखे वापरलेले नाव महागड्या पिशवीवर छापले. चामड्याऐवजी टाकाऊ रबर घेतले. नाव ठरवणे, साहित्य ठरवणे, किंमत ठरवणे हे सगळे डिझाइन आहे, आणि ते आपल्या माणसांच्या हातात आले की काय होते याचा हा नमुना.

आपल्या जिल्ह्यात हीच गोष्ट वारली चित्रांची. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्याआधी ही चित्रे लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर सवाशिणी काढत. वारली बांधवांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मी घेत नाही. त्यांच्यातले तरुण स्वतः बोलत आहेत आणि वारली चित्रकलेचा जीआयही आदिवासी युवकांच्या संघटनेनेच मिळवला आहे. पण एवढे नक्की विचारते: आज हॉटेलच्या भिंतीपासून सरकारी पुलाच्या खांबापर्यंत वारली आकृत्या आहेत. त्यांची कंत्राटे कोणाला मिळतात? डहाणू-तलासरीतली किती मुले 'आर्टिस्ट' म्हणून रोजंदारीवर रंगवायला जातात आणि किती जण आराखड्यावर सही करतात?

कलाशिक्षणाचा दरवाजा कुठे बंद होतो ते पाहायला फार लांब जावे लागत नाही. शिक्षण हक्क कायद्यात कलाशिक्षक हा अंशकालीन निदेशक आहे, आणि तोही सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर. पाड्यावरच्या शाळेचा पट शंभरावर जातो का? म्हणजे ज्या मुलांच्या आज्यांनी भिंती रंगवल्या, त्यांच्याच शाळेत चित्रकलेचा शिक्षक कायद्यानेच बसत नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांची नावेही मग शहरातल्या शाळेत गेल्यावरच कळतात.

जे पोरगे एवढे सगळे ओलांडून आत जाते त्याच्यासमोर आणखी एक भिंत असते, आणि ती पैशाची किंवा इंग्रजीची नाही. एम.डेस.मध्ये कामाचे मूल्यमापन 'ज्युरी'समोर होते. तुम्ही काम मांडायचे, तीन-चार तज्ज्ञ बोलणार. तिथे अभिरुचीचा न्याय होतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यूने १९७९ साली दाखवून दिले की अभिरुची ही निसर्गाची देणगी नसते, ती वर्गातून येते आणि वर्ग टिकवायला वापरली जाते. आपल्याकडे वर्गाच्या जागी जात वाचा. आपल्या जयंतीच्या बॅनरला 'भडक' म्हणतात. निळा गडद, सोनेरी किनार, बाबासाहेबांचा मोठा फोटो, खाली पन्नास कार्यकर्त्यांचे चेहरे. डिझाइनच्या भाषेत हे 'गर्दीचे' काम. पांढऱ्या कोऱ्या जागेत एक बारीक ओळ असेल तर ते 'मिनिमल', म्हणजे सुसंस्कृत.

पण त्या बॅनरवर पन्नास चेहरे का असतात? कारण त्यातल्या प्रत्येकाचा चेहरा याआधी कोणत्याही भिंतीवर, कोणत्याही पेपरात कधीच छापला गेला नव्हता. ज्याच्या घराण्याचे तैलचित्र दिवाणखान्यात आहे त्याला कोरी जागा परवडते. मी असे म्हणत नाही की आपले सगळे बॅनर उत्तम असतात. काही खरोखरच वाचता येत नाहीत, आणि ज्या आंदोलनाचे पत्रक वाचता येत नाही ते पत्रक वाया गेले. पण ही टीका आपल्या माणसाने, आपल्या दृश्यभाषेचा इतिहास जाणून केली पाहिजे. 'मूकनायक'पासून आजच्या यूट्यूब चॅनेलच्या थंबनेलपर्यंत आंबेडकरी चळवळीची एक दृश्य परंपरा आहे. तिच्यावर एम.डेस.चा प्रकल्प करणारे विद्यार्थी हवेत. ज्युरीला 'भडक' शब्दाचे समाजशास्त्र समजावून सांगणारे हवेत.

यावर आपल्याच लोकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. "ताई, घरात बाप एमआयडीसीत कंत्राटी कामगार. पोराने आधी पोट भरायचे की चित्रे काढायची?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पोलीस भरतीने, नर्सिंगने आपली शेकडो घरे उभी राहिली आहेत. ज्याला आजच पगार हवा त्याने तीच वाट धरावी. एम.डेस.च्या जागाही मोजक्या आहेत. प्रत्येक शाखेत राखीव जागा हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात. पण पोटाचा हिशेबही पूर्ण मांडा. एआयसीटीईच्या योजनेत गेट किंवा सीड उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत शिकणाऱ्याला दरमहा १२,४०० रुपये मिळतात. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या टॉप क्लास शिष्यवृत्तीत आयआयटी आणि एनआयडी दोन्ही येतात, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. मोबाइल ॲप, बँका, दवाखाने, वाहन कंपन्या या सगळ्यांना डिझायनर लागतात. हा छंद नाही, रोजगार आहे.

आणि बाबासाहेब कोलंबियात काय शिकले ते आठवा. बडोद्याची शिष्यवृत्ती, मुदत ठरलेली, घरी दारिद्र्य. तरी त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, शिवाय तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र. पोटापुरते शिकायचे असते तर एवढ्याची गरज नव्हती. जिथे निर्णय होतात त्या विद्या त्यांनी निवडल्या. पुढे दादरला राजगृह बांधताना पुस्तकांसाठी घर कसे असावे याचाही त्यांनी बारकाईने विचार केला. घर माणसांसाठी असतेच, पण ग्रंथांसाठी घर हे त्या काळात कोणाच्या डोक्यात आले असते?

दुसरा आक्षेप भीतीचा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पवईच्या त्याच आवारात दर्शन सोळंकी या आपल्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. कुटुंबाने जातिभेदाचा आरोप केला, संस्थेच्या समितीने तो मान्य केला नाही. आयआयटीतल्या अध्यापकांमध्ये अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण किती तुटपुंजे आहे हे माहिती अधिकारातून वारंवार बाहेर आले आहे, २०१९ चा अध्यापक आरक्षण कायदा असूनही. त्यामुळे 'जा, काही होत नाही' असे मी कोणाच्या आईला सांगणार नाही. पण तिथे आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कल आहे, ते विद्यार्थी बोलतात, प्रश्न उठवतात. जाणाऱ्याने पहिल्या आठवड्यात त्यांना गाठावे. एकटे राहू नये.

तयारीचे म्हणाल तर आपण रिकाम्या हाताने जात नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात. रांग कुठून वळवायची, पाणी कुठे ठेवायचे, हरवलेल्या म्हातारीला कुठे बसवायचे, पुस्तकांचे स्टॉल कसे लावायचे, हे आपले स्वयंसेवक वर्षानुवर्षे करतात. डिझाइनच्या वर्गात याला 'सर्व्हिस डिझाइन' म्हणतात आणि त्यावर गुण देतात. ज्याने ती रांग सांभाळली त्याने तिचा नकाशा काढावा, काय चुकते ते लिहावे, दुरुस्ती सुचवावी. झाला पोर्टफोलिओचा पहिला प्रकल्प, एक रुपया न घालवता. चिंचणी-तारापूरकडे दागिन्यांच्या डाय बनवणारे कारागीर पोलादावर नक्षी उलटी कोरतात, म्हणजे सुलट उमटते. असे काम ज्याने घरात पाहिले आहे त्याला आकार समजतो. तारापूर एमआयडीसीत ज्याच्या वडिलांनी टाकी साफ केली आहे त्याला मॅनहोल समजते. मॅनहोल म्हणजे माणूस उतरवण्याचे भोक. ज्याने ते आखले त्याने माणूस उतरणार हे गृहीतच धरले होते, आणि कोणता माणूस हेही. २०१३ च्या कायद्यानंतरही माणसे उतरतात आणि मरतात. केरळातल्या तरुण इंजिनीअरांनी २०१८ मध्ये बँडिकूट नावाचे यंत्र आणले, मॅनहोल साफ करणारे. ते होऊ शकते हे सिद्ध झाले. आता बोईसरच्या गटारात चालेल, स्थानिक संस्थेला परवडेल आणि सफाई कामगाराचीच नोकरी टिकवेल असे काही कोण आखणार?

आपल्या संघटनांनीही थोडे हलले पाहिजे. बार्टीकडे आपण यूपीएससी, एमपीएससी, बँक परीक्षांच्या वर्गांसाठी मोर्चे काढतो. सीडच्या आणि एनआयडीच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीची मागणी निवेदनात एका ओळीने घालायला काय हरकत आहे? आदिवासी विकास विभागाकडेही, आश्रमशाळेत पूर्णवेळ कलाशिक्षक द्या या मागणीसह.

ज्यांना बसायचे आहे त्यांच्यासाठी कामाचे. सीड ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. अर्ज साधारण ऑक्टोबरात निघतात, परीक्षा जानेवारीत. वयाची अट नाही, कितीही वेळा बसता येते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलात तरी चालते. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना शुल्क निम्मे. पेपर इंग्रजीत असतो, पण दुसऱ्या भागात हाताने रेखाटने काढायची असतात आणि तिथे इंग्रजी फारसे आडवे येत नाही. याच गुणांवर पवईखेरीज दिल्ली, गुवाहाटी, कानपूर, हैदराबाद अशा आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससीही पुढच्या निवडीला बोलावतात. परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. प्रत्येक संस्था आणि शाखा प्रवेशाची पात्रता मात्र वेगळी लावते, तेव्हा माहितीपुस्तिका स्वतः वाचा, कोणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आणि जातीचा दाखला आताच काढा. राज्याचा नमुना वेगळा, केंद्राचा वेगळा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या यादीत नाव जातीचे आहे. दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असेल तर ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. केंद्राच्या नमुन्यातला दाखला सेतूतून मिळायला लागणारे दिवस मोजून ऑगस्टमध्येच अर्ज टाका.